दुसरी पिशवी

“मॅडम, पिशवीचा तरास हाये.”

अकोल्यात बायकांचे आजार तपासायला बसलं, की दिवसातून तीन-चार वेळा तरी हे वाक्य कानावर येतं. (अकोले म्हणजे प्रवरेकाठचं, अगस्ती ऋषींचं. विदर्भातलं अकोला नव्हे, हे आम्हाला कुरिअरवाल्यांनाही सांगावं लागतं.) एवढं बोलून बाई गप्प होते. तिच्या मते तिने सगळं सांगितलेलं असतं. शेजारी सासू किंवा नणंद असते, दाराबाहेर नवरा उभा असतो, आणि पुढचं आपण ओळखायचं असतं.

आपल्याकडे बायकांच्या बोलण्यात ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. पिशवीला सूज येते, पिशवी साफ करतात, पिशवी काढतात. मूत्राशयाला मात्र बोलीत स्वतःचं नावच नाही. फार तर ‘लघवीची पिशवी’. पण सासूसमोर ‘लघवी’ हा शब्द जिभेवर येत नाही, मग तो गळतो आणि नुसती ‘पिशवी’ उरते. बाई सांगते एका पिशवीबद्दल, ऐकणारा ऐकतो दुसरीबद्दल. सोनोग्राफी होते. पस्तिशीच्या बाईच्या गर्भाशयात शोधायला गेलं तर काही ना काही सापडतंच: एखादी लहानशी गाठ, अस्तराची जाडी, ‘किंचित मोठं’ असा शेरा. आणि ज्या अवयवाची तक्रारच नव्हती, त्याच्यावर उपचार सुरू होतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक बाई माझ्याकडे आली. गर्भाशय काढून आठ महिने झाले होते. म्हणाली, “पिशवी काढली, पण शिंकलं की लुगडं वलं व्हतं, ते काय थांबलं नाय.” ऑपरेशनच्या आधी काय होत होतं, असं मी विचारलं. म्हणाली, “हेच की.” ही पुस्तिका त्या ‘हेच की’मधून सुरू झाली. तालुक्यातल्या बायकांसाठी, आशाताईंसाठी आणि दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या नवऱ्यांसाठी ती लिहिली आहे. प्रस्तावनेचं काम तसं सोपं असतं, पुस्तकात काय आहे ते सांगायचं. मी मात्र ते सोडून जरा इकडेतिकडे फिरणार आहे, कारण हा विषय एकट्या मूत्राशयाचा कधीच नसतो.

आधी शरीर. ओटीपोटात पुढे मूत्राशय, त्याच्या मागे गर्भाशय, त्याच्याही मागे गुदाशय. तिघांच्या खाली स्नायूंचा एक पाळणा. बाज आठवा. सुंभाचं विणकाम ताठ आहे तोवर वर काहीही ठेवा, बाज पेलते. विणकाम सैल पडलं की वरचं सगळं मधोमध खाली येतं. ओटीपोटाखालचे स्नायू म्हणजे ते विणकाम. प्रत्येक बाळंतपण ते ताणतं. लांबलेली बाळंतपणं, लागोपाठची बाळंतपणं, जुनाट खोकला, कुंथणं आणि डोक्यावरची ओझी ते सैल करतात. मूत्राशय स्वतः एक स्नायूची थैली आहे. दीडशे-दोनशे मिलिलिटर भरली की पहिली जाणीव देते, चारशे-पाचशेपर्यंत निमूट धरून ठेवते. दिवसाकाठी सहा ते आठ वेळा जावं लागणं हे सर्वसाधारण. तिथून बाहेर येणारी नळी बाईच्या शरीरात जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची त्याच्या चार-पाच पट. बायकांना लघवीचा संसर्ग इतका जास्त का होतो, याचं निम्मं उत्तर या चार सेंटिमीटरमध्ये आहे. उरलेलं निम्मं आमच्या तालुक्याच्या भूगोलात.

कारण अकोले हा पाण्याचा तालुका आहे. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. लोक त्या भागाला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, जीभ अजून वळायची आहे.) प्रवरा रतनगडापाशी उगम पावते आणि १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण ते पाणी अडवून खालच्या तालुक्यांना देतं. जुलैत वरच्या गावांत भाताची आवणी चालू असते. बाई सकाळी खाचरात उतरते ती संध्याकाळीच बाहेर येते. कमरेत वाकलेली, गुडघाभर चिखलात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, अंगावरचं लुगडं दिवसभर ओलं. आजूबाजूला पाणीच पाणी, आणि ही बाई दिवसभर पाणी पीत नाही. प्यायलं तर जावं लागेल, जायचं तर बांधापलीकडे आडोसा हवा, आणि आवणीच्या रांगेतून मधेच उठलं तर रांग मोडते. पूर्वेकडच्या पट्ट्यात टोमॅटोचा तोडा असो की कांद्याची काढणी, ओलावा बदलतो, बाकी तेच. लांब पल्ल्याच्या एसटीत बसायचं असेल तर बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. घरोघरी संडास झाले हे खरं, पण संडास घरी असतो आणि बाई शेतात.

रोखून धरलेली, घट्ट झालेली, साचलेली लघवी जंतूंना मानवते. हे जंतू बहुतेक वेळा बाहेरून कुठून आलेले नसतात. आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू ते चार सेंटिमीटर पार करतो. मग ‘उन्हाळी लागते’. शब्द किती नेमका आहे पाहा: जळजळ, थेंब-थेंब, सारखं जावंसं वाटणं, सगळं त्यात आलं. त्यावर धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा घ्यायची पद्धत आहे. त्याला मी हसत नाही. त्यात औषध किती आणि पाणी किती हा वाद बाजूला ठेवला, तरी त्या निमित्ताने बाई चार तांबे पाणी पिते, आणि सौम्य त्रासात तेवढंही कामाला येतं. पण थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत ठणकलं, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचले असं समजावं. तिथे धन्याच्या पाण्याने भागत नाही. गरोदर बाईच्या लघवीत तर काही त्रास नसतानाही जंतू सापडले तर औषध द्यावंच लागतं. नाहीतर ताप चढतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते.

मेडिकल दुकानातून ‘लघवीच्या दोन गोळ्या’ आणून खाण्याबद्दल मात्र मला मनापासून चीड आहे. दोन गोळ्यांनी जळजळ थांबते आणि धडधाकट जंतू मागे उरतात. असं तीन-चारदा झालं की लघवीच्या कल्चरच्या कागदावर एकापाठोपाठ एक औषधापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा येतो. साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरंटॉइनचा पाच दिवसांचा डोस किंवा फॉस्फोमायसिनची एक पुडी अजूनही पुरते. ती का पुरते, कुणाला चालत नाही आणि कल्चर कधी करायचं, हे आतल्या पानांवर सविस्तर आहे. पाळी गेलेल्या बायकांना पुन्हा पुन्हा उन्हाळी लागते, त्याचं कारण बऱ्याचदा योनिमार्गाचा कोरडेपणा असतं. तिथे अँटिबायोटिकच्या पाकिटांपेक्षा इस्ट्रोजेनचं साधं मलम जास्त उपयोगी पडतं, हे आजींना सांगितलं की त्या आधी लाजतात आणि मग शेजारणीलाही घेऊन येतात.

आता गळतीबद्दल. ती दोन जातींची असते, आणि दोन्हींचे उपचार इतके वेगळे आहेत की जात ओळखल्याशिवाय दिलेलं औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. पहिली खोकल्या-शिंकल्यावरची, हंडा उचलल्यावरची. ती बाज सैल पडल्याची. दुसरी घाईची. दाराची कडी काढेपर्यंत धीर निघत नाही, नळाचं पाणी पडण्याचा आवाज आला तरी सुटते. ती थैलीच्या स्नायूच्या उतावळेपणाची. काही बायकांना दोन्ही असतात. पहिलीवर गोळी नाही, व्यायाम आहे. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने तो १९४८ साली मांडला, आणि त्याला ना यंत्र लागतं ना पैसा. वारा सरू नये म्हणून जो स्नायू आपण आवळतो, तोच आत-वर ओढून पाच ते दहा आकडे धरायचा, तेवढाच वेळ सोडायचा. एका वेळी आठ-दहादा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करू नये. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसत नाही आणि नेमक्या तिथेच बायका सोडून देतात. दुसरीवर आधी सवय लावावी लागते: घाई झाली की धावायचं नाही, जागीच थांबून स्नायू आवळायचा, लाट ओसरू द्यायची, आणि दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला थोडंथोडं वाढवायचं. चहा कमी करायचा. हा सल्ला अकोल्यात कुणीही मानत नाही, तरी मी देते. मग सोलिफेनासिन, मिराबेग्रॉन अशी औषधं. पहिल्याने तोंड कोरडं पडतं आणि शौचाला कडक होतं, दुसऱ्यावर रक्तदाबाकडे लक्ष ठेवावं लागतं.

इथे जुन्या रीतीबद्दल एक चांगला शब्द बोलायला हवा, कारण तशी संधी क्वचित मिळते. बाळंतिणीला सव्वा महिना उठू न देण्याच्या चालीत विटाळाचा भाग होता, तो गेला हे बरंच झालं. पण ताणलेल्या विणकामाला सावरायला मिळणारे ते दिवसही त्याच्याबरोबर गेले. मजुरीवर जाणारी बाई आज दोन-तीन आठवड्यांत डोक्यावर मोळी घेते. चुलीच्या धुराचा खोकला असतोच. कळसूबाईची गोष्ट बारी-जहागीरदारवाडीकडच्या बायका सांगतात. कळसू एका पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला भांडी घासायला लावली, तशी ती उठली आणि १६४६ मीटर उंचीच्या त्या डोंगरावर जाऊन बसली. नवरात्रात तिच्या दर्शनाला चढणाऱ्या बायकांपैकी कितीजणी लोखंडी शिड्यांवर पाय ठेवताना लुगड्याला हात लावून चाचपतात, ते मी पाहिलं आहे. अट घालायची सोय देवीला होती.

विणकाम आणखी सैल झालं की ‘अंग बाहेर येतं’. हा शब्दही बायकांचाच. अवयवाचं नाव न घेता तो सगळं सांगतो. गर्भाशय खाली सरकतं आणि पुढच्या भिंतीतून मूत्राशयही उतरतं. मग लघवी पुरी होत नाही, काहीजणींना बोटाने अंग आत ढकलल्याशिवाय ती होतच नाही. अशा अवस्थेत वीस-वीस वर्षं काढलेल्या आज्या मी तपासल्या आहेत. त्यांच्यासाठी रबराची किंवा सिलिकॉनची रिंग असते. मापाची बसवली, ठरावीक काळाने काढून धुतली की झालं. ऑपरेशन नको असलेल्या किंवा न झेपणाऱ्या बाईला ती दुसऱ्या दिवसापासून चालती करते. इतकं स्वस्त आणि इतकं दुर्लक्षिलेलं साधन दुसरं नाही. रिंगमध्ये कुणाला फारसा पैसा मिळत नाही, हे त्याचं कारण असावं, असं माझं मत आहे.

आणि ऑपरेशन म्हणजे पिशवी काढणंच, हेही खरं नाही. या बाबतीत आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये असा इतिहास आहे. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत काम करत होते. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून गर्भपात टाळण्याची त्यांची पद्धत जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण खाली उतरलेलं गर्भाशय पट्टीने मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधून वर उचलायचं, ते काढायचं नाही, हे ऑपरेशनही त्यांचंच. मुंबईच्याच डॉ. पुरंदऱ्यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीचा आधार घेऊन तेच साधणारी वेगळी पद्धत बसवली. दोघांच्याही डोळ्यांसमोर अंग बाहेर आलेली, पण अजून मूल हवं असलेली तरुण बाई होती. ही ऑपरेशनं आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. पिशवी राखायची कला ज्या राज्यात घडली, त्याच राज्यात ती काढण्याचा सपाटा लागला.

सपाटा हा शब्द मी जपून वापरते आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये देशभरचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीड लांब आहे असं समजू नका. अगस्ती कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याही रस्त्यांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पहाटे फडात जायचं, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही आणि एक दिवस घरी बसलं की खाडा. म्हणजे मजुरी जातेच, वर दंडही. पाळी, पांढरं जाणं, उन्हाळी, कंबरदुखी, सगळ्याचं एकच नाव: पिशवी. आणि पिशवी काढली की खाडा टळेल, असा हिशोब. त्या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी तो हिशोब एकदा स्वतः मांडून पाहावा. घरात उचल घेतलेली असताना दुसरं उत्तर येत नाही. पण गर्भाशय काढल्याने लघवीची गळती थांबत नाही, उलट काही वर्षांनी ती वाढू शकते. बीजकोषही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्यानंतरचे सगळे त्रास दारात येतात.

सगळ्यात वाईट गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आता कमी दिसते. कळा दोन-दोन दिवस चालल्या आणि बाळ अडलं, तर मधला भाग दबून कुजतो आणि मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात छिद्र पडतं. मग लघवी सुटत नाही, झिरपत राहते, झोपेतसुद्धा. याला फिस्टुला म्हणतात. गावात लोक याला भगंदर समजतात, ते वेगळं. दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागल्यापासून हे छिद्र बाळंतपणापेक्षा पोटाच्या ऑपरेशनमध्येच अधिक पडतं, आणि त्या ऑपरेशनांत गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन पहिलं येतं. छिद्र लहान आणि ताजं असेल तर काही आठवडे नळी ठेवून बुजू शकतं, नाहीतर ते शिवावं लागतं, आणि सरावलेल्या हाताने शिवलं तर बहुतेक वेळा बरं होतं. शिवायची रीत अमेरिकेतल्या मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात बसवली, ती गुलाम बायकांवर, भूल न देता. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: ॲनार्का, बेट्सी, लुसी. एकट्या ॲनार्कावर तीसेक ऑपरेशनं झाली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. जखमा बऱ्या करणाऱ्या माझ्या विद्येचा हा पाया आहे, तो झाकून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

मुतखडा, मूत्राशयाचा क्षयरोग, मधुमेह, न दुखता लघवीतून रक्त जाणं यांची प्रकरणं आत आहेत. शेवटचं आधी वाचा. न दुखणारं रक्त एकदाच दिसलं आणि थांबलं, तरी ते दाखवायचंच. इथे तपासणी झाली नाही तर वीस-बावीस किलोमीटरवर संगमनेर आहे, पुढे लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय, नाशिक.

आता पुस्तिकेच्या भाषेबद्दल. राणी बंग आणि अभय बंग या डॉक्टरांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. मला त्या आकड्यांपेक्षा त्यामागची पद्धत महत्त्वाची वाटते. दवाखान्यात आलेल्यांना मोजलं नाही, न आलेल्यांकडे ते गेले. राणीताईंनी मग बायकांचे शब्द गोळा केले. आम्ही या पुस्तिकेत जमेल तिथे तेच केलं आहे. ‘मूत्राशय’ हा शब्द छापला आहे, पण प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी बायकांचा शब्दही आहे.

पहिल्या पानावर तीन दिवसांचा तक्ता आहे: किती वेळा गेले, किती वेळा सुटली, किती पाणी प्यायले. डॉक्टरकडे जाण्याआधी तो भरावा. लिहिता येत नसेल तर काय, हा प्रश्न आमच्याही डोक्यात आला नव्हता. तो समशेरपूरकडच्या एका मावशींनी सोडवला. मी तोंडी सांगितलं होतं, “आठवणीत ठेवा.” त्यांनी घरी दोन वाट्या मांडल्या. लघवीला गेलं की एका वाटीत चिंचोका, कपडा ओला झाला की दुसऱ्या वाटीत. तीन दिवसांनी त्या पदराच्या दोन टोकांना दोन गाठी मारून आल्या, टेबलावर सोडल्या आणि म्हणाल्या, “मोजा तुम्हीच.” एकीकडे बेचाळीस निघाले, दुसरीकडे सतरा. गर्भाशयाच्या सोनोग्राफीचा जुना कागद त्यांच्या पिशवीत घडी करून होता. तो मी त्या दिवशी उघडला नाही.